फुल कटला येणारा आवाज

फोर बाय फोर गाडी सरळ रस्त्यावर मुकाट चालते आणि वळायला घेतली की कुरकुरते, ही तक्रार घेऊन गेलं की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘कसला आवाज येतोय?’ मग मालक तोंडानं कटकट, खडखड, घूंऽऽ असं काहीबाही करून दाखवतो, मिस्त्री मान डोलावतो आणि म्हणतो, ‘ॲक्सल गेलाय.’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न ‘केव्हा?’ हा. किती वेगाला, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना की सोडलेला, डावीकडे की उजवीकडे, गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं तरी येतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या वेळी फोर व्हीलचा लिव्हर कुठे होता? एवढ्याची उत्तरं नीट मिळाली, तर निम्मं निदान गाडीखाली न शिरताच होतं. एकच ‘कट्’ पाच वेगवेगळ्या जागांहून येऊ शकतो, पण पाचही जागा एकाच परिस्थितीत आवाज करत नाहीत.

वळणावर नेमकं काय घडतं ते आधी पाहू. थारसारख्या आखूड गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर साधारण २.४५ मीटर असतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर हिशेबाला दीड मीटर धरा. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर राहील इतकी गाडी वळवली, तर मागचं आतलं चाक ४.२५ मीटर त्रिज्येवर धावतं आणि मागचं बाहेरचं ५.७५ वर. पुढची चाकं त्यांच्याही बाहेरून जातात : आतलं ४.९ मीटरवर, बाहेरचं ६.२५ वर. पूर्ण एक चक्कर मारली, तर मागचं आतलं चाक पावणेसत्तावीस मीटर चाललेलं असतं आणि पुढचं बाहेरचं एकोणचाळीस मीटरांहून थोडं जास्त. चारही चाकं एकाच गाडीची, पण प्रत्येकाची वाट निराळी.

ही अडचण मोटारीहून जुनी आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्यानं आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळेल अशी जोडणी काढली आणि रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. जोडणी लांकेनश्पेर्गरची, पण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत नाव राहिलं आकरमानचं. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगातला फरक पचवणारं डिफरन्शियल त्यानंतर दहाएक वर्षांत फ्रान्समध्ये आलं. म्हणजे एका ॲक्सलवरच्या दोन चाकांचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच सुटला होता. फोर बाय फोरमध्ये तिसरा प्रश्न उभा राहतो : पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांच्यातल्या फरकाचं काय करायचं?

वरच्याच चकरेत पुढच्या दोन चाकांची सरासरी काढली, तर पुढचा ॲक्सल सुमारे ३५ मीटर चालतो आणि मागचा साडेएकतीस. फरक साडेतीन मीटरांचा. चाकाचा घेर २.३ मीटर आणि ॲक्सलचं गुणोत्तर चारच्या आसपास धरलं, तर एका चकरेत पुढच्या प्रोपेलर शाफ्टला मागच्यापेक्षा सहा फेऱ्या जास्त फिरायच्या असतात. थार, गुरखा, जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीप या ‘पार्ट टाइम’ जातीच्या गाड्यांत लिव्हर ‘फोर हाय’ला टाकला, की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते. मध्ये डिफरन्शियल नसतंच. सहा फेऱ्या हव्यात आणि एकही मिळत नाही. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर टायर थोडे घसरतात आणि हिशेब तिथेच चुकता होतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतात, मग शाफ्ट, गिअर आणि ॲक्सल स्वतःच पीळ खातात. पीळ सोसवेनासा झाला की एखादं चाक चर्रकन घसरतं किंवा उडी मारतं, आणि खालून ‘धाड्’ असा आवाज येतो.

बिघाड नसताना ज्याच्यापायी सर्वाधिक गाड्या उघडल्या जात असतील, असा हा आवाज. प्रसंग नेहमीचाच असतो. पावसाळ्यात मावळात कुठेतरी चिखलातून गाडी काढली, सगळे खूश, लिव्हर तसाच राहिला. हायवेला सरळ चालताना काही जाणवत नाही. घरी येऊन सोसायटीच्या फाटकातून आत वळवताना स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, कोणीतरी ब्रेक दाबावा तशी गाडी अडखळते, टायर किंचाळतात आणि धाड्. वॉचमनसुद्धा वळून बघतो. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला. तिथे समोरचा ॲक्सल उतरवण्याआधी लिव्हरकडे किंवा डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे कोणी पाहिलं तर बरं, नाही तर बिल ठरलेलंच.

यातली मेख अशी, की लिव्हर ‘टू हाय’ला आणला तरी कधीकधी आवाज थांबत नाही. शाफ्टमध्ये पीळ भरलेला असताना आतली सरकती कॉलर त्या ताणाखाली दातांत आवळून बसते. लिव्हर सरकतो, कॉलर सरकत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा पीळ घालवायला जाळपोळ लागत नाही. स्टेअरिंग सरळ करून गाडी चार-पाच मीटर मागे घ्यायची आणि पुन्हा पुढे. नाही सुटला, तर एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीवर उतरवायची. आतून ‘टक्’ ऐकू येतं, दिवा विझतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं होतं. लिव्हरला लाथा मारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून फक्त लिव्हरची जोडणी वाकते.

फोर्सच्या गुरखाला याशिवाय पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला चालकाच्या हाती असलेले डिफरन्शियल लॉक मिळतात. लॉक लावलं की दोनशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण हौसेनं परत ओढवून घेतो. मागचं लॉक चुकून लागलेलं राहिलं, तर गाडी वळायचं नाकारते आणि टायर घासतात. पुढचं राहिलं, तर स्टेअरिंग हातातून ओढून घेतं. काही महिंद्रा गाड्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये आपोआप लागणारं यांत्रिक लॉक असतं. एका चाकाचा वेग दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांनी वाढला की ते ‘ठाक्’ करून लागतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं ॲक्सल तुटला. साध्या वळणावर मात्र ते लागायला नको. ताशी १० किलोमीटरनं आपली वरची चक्कर मारली, तर मागच्या दोन चाकांत मिनिटाला बावीसेक फेऱ्यांचाच फरक पडतो. कोरड्या सपाट रस्त्यावर, चाक न घसरता, असा ठाक् येत असेल तर आत डोकावायला हवं.

लिव्हर टू हायला आहे, पीळ नाही, लॉक नाही, तरीही आवाज येतोच. खरं निदान इथून सुरू होतं. रिकामं मैदान शोधा. मॉलच्या तळघरातलं पार्किंग नको, तिथल्या गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर नवीकोरी गाडीसुद्धा वळताना किंचाळते. काचा खाली, एसी बंद, गाणी बंद, मागे पडलेला टॉमी आणि पाने बाहेर काढलेले. अर्ध्या तक्रारी या पान्यांच्याच असतात, असं एक मिस्त्री गमतीनं म्हणायचे, पण दर वेळी आधी डिकी उघडायचे.

सगळ्यांत प्रसिद्ध आवाज म्हणजे फुल कट मारून ॲक्सिलरेटर दिल्यावर पुढच्या चाकापाशी येणारी ‘कटकटकट’. हा बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा. पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचंही असतं आणि वळायचंही, त्यामुळे त्याला ताकद पोचवणारा सांधा वाकूनही एकसारख्या वेगानं फिरावा लागतो. फोर्डमध्ये काम केलेले अभियंते आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२०च्या दशकात यावर सहा गोळ्यांचा तोडगा काढला. आत खाचांचा एक गोल गाभा, बाहेर खाचांचीच वाटी, दोन्हींच्या मध्ये सहा पोलादी गोळ्या आणि त्यांना जागेवर धरणारा पिंजरा. सांधा वाकतो तेव्हा गोळ्या खाचांतून मागेपुढे सरकतात. खाचांना चरे पडले की सरळ चालताना गोळी एका जागी बसून राहते आणि काही कळत नाही. पण वाकवून ताकद दिली की प्रत्येक गोळी त्या चऱ्यावरून उडी घेते. म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात : कट, ताकद आणि चाकाचं फिरणं. ॲक्सिलरेटर सोडला की कटकट थांबत असेल, तर संशय पक्का. मागे घेत वळवूनही बघा, कधी पुढे जाताना लपलेला आवाज रिव्हर्सला उघडा पडतो.

सीव्ही जॉइंट स्वतःहून सहसा मरत नाही, त्याचा रबरी बूट आधी मरतो. स्टेअरिंग पूर्ण कापून चाकाच्या आत टॉर्च मारा. बुटाच्या घड्या बोटांनी ताणून बघा, चीर नेहमी घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. फाटलेल्या बुटातून ग्रीस फेकलं जातं आणि ते फेकलेलं ग्रीसच तुम्हाला चुगली सांगतं : रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या होजवर आणि खालच्या आर्मवर एका पट्टीत काळे शिंतोडे. बोटाला लावून चोळा. मऊ, शिशाच्या पेन्सिलीसारखं काळपट करडं असेल, तर बूट नुकताच गेलाय. धुऊन, नवं मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरून, नवा बूट चढवून काम भागेल. चिमटीत वाळू कचकचली, तर जॉइंट गेला समजा. आवाज डावीकडे वळताना येतो म्हणून उजवा जॉइंट खराब, असले ठोकताळे बरेच ऐकायला मिळतात. वळणावर बाहेरच्या चाकावर भार जास्त असतो, पण आतलं चाक जास्त वाकलेलं असतं, त्यामुळे ठोकताळ्यावर पैसे खर्च करू नयेत. बूट बघावा. गाडी उंच करण्याचा किट ज्यांनी बसवलाय, त्यांनी तर दर सर्व्हिसला बघावा, कारण स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत उंची वाढली की शाफ्ट सरळ चालतानाही वाकलेलाच राहतो.

जुन्या सलग ॲक्सलच्या बऱ्याच जीपमध्ये चाकापाशी सीव्ही जॉइंटऐवजी साधा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला बेंडिक्स-वाइस, झेप्पा, ट्रॅक्टा असे निरनिराळे जॉइंट बसवले जात. त्याच विलीजची जोडणी महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली आणि आपल्याकडे जीपचा वंश वाढला. क्रॉसची अडचण मूळचीच आहे. तो ३० अंशांत वाकला, तर एकसारख्या वेगानं फिरवूनही पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा ८७ टक्क्यांपर्यंत मंदावतो आणि दोनदा ११५ टक्क्यांपर्यंत धावतो. त्यामुळे फोर व्हीलमध्ये फुल कटला स्टेअरिंगला हिसके बसणं हा त्या गाड्यांचा स्वभाव आहे. हिसक्यांच्या जोडीला धातूचा ‘टण्’ येत असेल, तर मात्र क्रॉसच्या टोप्यांमधल्या सुया वाळल्या आहेत.

इथे पार्ट टाइम गाडीच्या मालकाच्या हातात एक हुकमाचं पान असतं, ते म्हणजे फ्री व्हील हब. पुढच्या चाकांवर हातानं फिरवायचे हब असतील, तर ते ‘फ्री’ करा आणि तीच चक्कर पुन्हा मारा. आता पुढचे शाफ्ट, जॉइंट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट, सगळं थांबलेलं असतं. आवाज गेला, तर दोषी त्यांच्यातलाच. आवाज तसाच राहिला, तर ते सगळे सुटले आणि उरले बेअरिंग, ब्रेक, स्टेअरिंगचे सांधे आणि मागचा ॲक्सल. गॅरेजमध्ये तासाभराची खोलाखोल वाचते. फक्त आपल्या गाडीची रचना माहीत हवी. काही नव्या गाड्यांत हब नसतात, पुढच्या ॲक्सलच्या आत एक शाफ्ट सुटा केला जातो. त्यांचे चाकापाशी असलेले जॉइंट टू व्हीलमध्येही फिरतच राहतात. हबमध्येही एक खोडी आहे. तो अर्धवट गुंतला, तर दात दातांवरून घसरून ‘कर्रर्र’ होतं आणि ते ऐकून सीव्ही जॉइंटला शिव्या बसतात. दोन्ही हब एकाच खुणेवर आहेत ना, हे पाहायला दहा सेकंद लागतात.

आवाजाचा ताल मोजता आला, तर आणखी बरं. ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण सव्वा फेरी करतं आणि प्रोपेलर शाफ्ट पाच. चाकाच्या फेरीला एकदा ‘खर्र’ येत असेल, तर शाफ्टचा संबंध नाही. कच्च्या रस्त्यावरून आल्यानंतर असा खर्र सुरू झाला आणि वळताना बदलला, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. थोडं मागेपुढे केलं की तो पुष्कळदा आपणहून पडतो, नाही तर स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा जरा वाकवायचा. बिनखर्चाचं काम. ‘चिक चिक चिक’ असा वेगवान, पाखरासारखा आवाज शाफ्टच्या चालीचा असतो. तो क्रॉसमध्ये ग्रीस नसल्याचा, आणि सरळ रस्त्यावरही येतो. निपलला ग्रीस गन लावली की कळतं, चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर पडतंय की एक टोपी कोरडीच राहतेय.

वेगात, मोठ्या वळणावर येणारी घरघर निराळी. ताशी ६०च्या आसपास घूंऽऽ असा सूर, डावीकडे झुकताना वाढतो आणि उजवीकडे झुकताना कमी होतो, तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघा, कारण डाव्या वळणावर वजन उजवीकडे जातं. खात्रीसाठी चाक उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते. मग चाक घड्याळ समजून बारा आणि सहावर धरून हलवा, नंतर नऊ आणि तीनवर. बारा-सहाला प्ले असेल, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, जुन्या जीपला किंग पिन. फक्त नऊ-तीनला असेल, तर टाय रॉड एंड. या तपासणीत एक चूक जिवावर बेतू शकते : एकच ॲक्सल उचलून, फोर व्हील लावून, गिअर टाकू नका. जमिनीवरची चाकं गाडी स्टँडवरून खाली उडवतील.

जाडजूड टायर बसवणाऱ्यांचा वर्ग वेगळाच. कंपनीच्या मापाहून रुंद टायर आणि बाहेर निघालेले रिम लावले की फुल कटला टायर मडगार्डच्या कडेला, अँटी-रोल बारला किंवा पाट्यांना घासतो. आवाज भयंकर, निदान सोपं : घासलेल्या जागी रबराचा काळा पट्टा आणि समोरचा चकचकीत धातू. यावर स्टेअरिंगचा स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर वाढवून वळणच कमी करतात. म्हणजे टायर दिसायला दांडगे, पण घाटातल्या वळणावर एका दमात वळणारी गाडी दोनदा मागेपुढे घ्यायची.

मागून, अगदी मंद वेगातल्या वळणावरच येणारी खरखर असेल, तर डिफरन्शियलमधल्या स्टार पिनियनचा विचार करा. सरळ चालताना हे छोटे गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळा संच एकसंध फिरतो. वळणावरच त्यांना काम असतं, म्हणून आवाजही तेव्हाच. तेल सोडून चुंबकाच्या प्लगवर काय चिकटलंय ते बघा. करडी मऊ पेस्ट म्हणजे नेहमीची झीज, नखाला टोचणारे तुकडे म्हणजे उघडायची वेळ. लिमिटेड स्लिप प्रकारात चकत्या असतात, त्यांना खास तेल लागतं. साधं गिअर ऑइल भरलं की चकत्या अडखळत घसरतात आणि गाडीचा मागचा भाग थरथरतो. कायम चारही चाकांवर ताकद वाटून घेणाऱ्या शहरी गाड्यांतही हीच थरथर मधल्या कपलिंगमधून येते. तिथे तेलाआधी टायर मोजा. पुढे ८ मिलिमीटर नक्षीचे नवे आणि मागे ३ मिलिमीटरवर आलेले जुने टायर असतील, तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो आणि कपलिंग सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखं राबत राहतं.

गाडी उभी असतानाच स्टेअरिंग फिरवल्यावर येणारे आवाज चालण्याशी निगडित नाहीतच. शेवटच्या टोकाला ओरडणारा पॉवर स्टेअरिंगचा पंप टोकापासून जरा मागे आल्यावर गप्प होत असेल, तर तेलाची पातळी आणि बेल्टचा ताण पाहून सोडून द्या. स्टेअरिंग टोकाला धरून मात्र ठेवू नका. दुसऱ्या माणसाला स्टेअरिंग हलवायला सांगून प्रत्येक सांध्यावर हात ठेवलात, तर कुरकुरणारा बॉल जॉइंट हाताखाली थरथरताना सापडतो.

राहिला प्रश्न घरी कसं जायचं याचा. हब फ्री होत असतील, तर कटकटणारा सीव्ही जॉइंट घेऊन टू व्हीलमध्ये शेकडो किलोमीटर जाता येतं. कायम फोर व्हील असलेल्या गाडीत ही सोय नाही, तिथे फुल कट टाळत, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंतच. चाकात किंवा बॉल जॉइंटमध्ये हाताला जाणवणारा प्ले असेल, तर किल्ली फिरवायची नाही. टोइंगवाल्याला फोन करायचा आणि तो फोर बाय फोर न्यायला येतोय हे त्याला आधीच सांगायचं, म्हणजे तो दोन चाकं उचलून ओढणारी नाही, तर सपाट पाठीची गाडी घेऊन येईल.